मडम मागं सरत न्हाय

बारामतीहून इंदापूर किती लांब, असं सोपानतात्यांना विचारलं की ते डोळे मिटत, मनातल्या मनात सगळा रस्ता एकदा चालवून पाहत आणि सांगत, "तीन बादल्या."

मैल, कोस, तास ही मापं त्यांना मान्य नव्हती. त्यांचा ट्रक वाटेत जितकं पाणी पिईल तितकं ते अंतर. काटेवाडी अर्धी बादली. पळसदेव उन्हाळ्यात पाच.

"आणि हिवाळ्यात?" मी एकदा विचारलं.

"हिवाळ्यात पळसदेव जवळ येतं," तात्या गंभीरपणे म्हणाले.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. बारामतीजवळ साखर कारखाना उभा राहत होता आणि मी पुण्याहून तिथं सामानाच्या कोठारावर कारकून म्हणून आलो होतो. स्टेशनावर उतरलेलं लोखंड, विटा, सिमेंट, सगळं बांधकामावर आणायचं काम सोपानतात्यांकडे. हाडापेराने आडवा माणूस, खाकी अर्धी विजार, डोक्याला पटका. लढाईत ते फौजेत ड्रायव्हर होते. त्यांचा ट्रकही लढाईतलाच, अमेरिकेहून आलेला, लढाई संपल्यावर मोडीत निघालेला. हिरवा रंग उडून आत आणखी एक हिरवा रंग दिसायचा. गोऱ्या साहेबांच्या मुलखातून आलेली गाडी म्हणून तात्या तिला मडम म्हणत.

मडमेच्या तहानेपायी रस्त्याकडेच्या एकूण एक विहिरी तात्यांना पाठ होत्या. "ही हिर न्हाय चालायची, खारं पानी हाय. मडमेचं पोट बिघडतं." असं म्हणून ते आणखी मैलभर पुढे जायचे. तोवर समोरून वाफेचा असा फवारा उठे की मला रस्ता दिसत नसे. तात्यांना तो दिसत असावा, किंवा त्यांना त्याची गरज नसावी.

इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून चढवून तात्यांचा गळा कायमचा वरच्या पट्टीत गेला होता. एकदा त्यांनी मला बाजूला नेऊन कानात एक गुपित सांगितलं. ते भिंतीवर चढलेल्या सगळ्या गवंड्यांना कळलं.

मडमेत एकच खोट होती. तिचा मागे जायचा गिअर कधीच मेला होता. गाडी वळवायची तर तात्या इंदापूरला अख्ख्या गावाला वळसा घालत. कुणी टोकलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मडम मागं सरत न्हाय. लढाईतली हाय ती."

या खोटीनं एकदा कहर केला. उसाच्या घाण्याचा लोखंडी रूळ स्टेशनावर आला होता. हत्तीचं पिल्लू झोपवावं एवढा. तो उतरवायला मुंबईहून कप्पीवाले कारागीर आले होते आणि ते त्या दिवसापुरतेच होते. साहेब, म्हणजे आमचे इंजिनियर, घड्याळ हातात धरून कारखान्यावर उभे. रुळाबरोबर मला पाठवलं होतं.

कालव्याच्या अरुंद पुलावर मडम निम्म्यात आली आणि समोरून गुळाच्या चार बैलगाड्या आल्या. पहिल्या गाडीवर काटेवाडीचे एक आबा. पांढऱ्या मिशा, हातात चाबूक.

"मागं घे गाडी!" आबा ओरडले.

"मडम मागं सरत न्हाय!" तात्यांचा आवाज कालव्यातल्या पाण्यावरून पार पुढच्या मळ्यात गेला असणार.

"आमची बैलंबी मागं सरत न्हाईत!"

"ही लढाईतली हाय!"

"माझी बैलं खिल्लारी हाईत!"

आबांनी शांतपणे बैल सोडले, मागे नेऊन कडेला बांधले आणि गाडीच्या जुवावर बसून भाकरी सोडली. तात्यांनीही बोनेटवर आपलं फडकं पसरलं. मी घड्याळ बघत मधे येरझारा घालत होतो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळानं तात्या ओरडले, "आबा, कोरड्यास काय हाय?"

"ठेचा. तुजं?"

"पिठलं. गरम हाय. बोनेटवर ठिवलं व्हतं."

आबांनी क्षणभर विचार केला. मग ते ठेचा घेऊन उठले. पंधरा मिनिटांत दोघं एका फडक्यावर जेवत होते आणि आबांच्या एका मामेभावाला तात्यांनी फौजेत पाहिल्याचं निघालं होतं. हात धुऊन आबा आपल्या गाडीवानांना म्हणाले, "काय बघताय? मानसांनी गाड्या ढकला मागं."

गाड्या हातांनी मागे गेल्या. मडम पुलापलीकडे आली. तात्या लगेच उतरले आणि चारही गाड्या पूल ओलांडेपर्यंत स्वतः चाकाला खांदा देत राहिले. साहेब घड्याळ धरून उभे आहेत हे मी त्यांना तीनदा सांगितलं.

रूळ पोचला तेव्हा कारागीर सामान बांधत होते. उतरला एकदाचा. पण साहेबांनी धसका घेतला आणि दोन महिन्यांत कोरा करकरीत ट्रक आणवला. मागे जाणारा. तात्यांसाठीच.

सगळ्यांना वाटलं, तात्या हरखतील. त्यांनी नवी गाडी चार दिवस मुकाट्यानं चालवली. तिला पाणी लागत नव्हतं, ती धक्का देत नव्हती. नव्या स्प्रिंगांवरून ती लोण्यावरून जावी तशी जायची. पाचव्या दिवशी तात्या साहेबांसमोर उभे राहिले.

"सायेब, मला माझी मडम द्या."

"का? या गाडीत काय वाईट आहे?"

"काई न्हाय."

"मग?"

"मडम द्या. न्हायतर मी काम सोडतो."

साहेब भडकले. दोन दिवसांची मुदत दिली आणि समजूत घालायला मला पिटाळलं.

तात्यांचं घर बारामतीच्या वेशीबाहेर, इंदापूर रस्त्याला लागूनच होतं. कामावर जाता-येता ते दुपारी तिथं जेवत, हे ठाऊक होतं. मी आधी पोचलो. दारात हाक मारली, पुन्हा मारली. आत तात्यांच्या कारभारीण, हौसाबाई, पाठमोऱ्या बसून सुपात धान्य पाखडत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात नवा ट्रक बाहेर येऊन थांबला. तात्या माझ्याशेजारी उंबऱ्याशी आले. त्यांनी हाक मारली नाही. पाय उचलून जमिनीवर दोनदा आपटला. हौसाबाई दचकून वळल्या, तात्यांना पाहून हसल्या आणि चुलीकडे धावल्या. तात्यांनी हातांनीच काही खुणा केल्या, त्यांनीही केल्या. पाहुणा आहे, दोन भाकऱ्या जास्त टाक, एवढं मलाही समजलं.

"ऐकू येत न्हाय तिला," तात्या म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "आमच्या लग्नाच्या आधीपास्नं. मडम वड्यापाशी आली की हितली जमीन हादरती. तिला हाताला कळतं. मी दारात यायच्या आत तवा तापल्याला असतो. दुसऱ्या गाड्या किती जात्यात, पन ती वळखती." त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "ह्या गाडीचं काईच कळत न्हाय तिला. चार दिस झालं, रोज दचकती. मला न्हाय बघवत."

"हे साहेबांना का नाही सांगितलं?"

"घरातली गोष्ट हाय, भाऊसायेब. हापिसात कशाला?"

मीही हापिसात सांगितली नाही. साहेबांना एवढंच म्हणालो की जुनी गाडी चालवायला दुसरा कुणी धजत नाही, आणि दगड वाहायला ती लागणारच. हे खरंही होतं. नवा ट्रक दुसऱ्या ड्रायव्हरला मिळाला.

पुढे आठवड्याभरानं एका दुपारी मी पुन्हा तात्यांच्या घरी गेलो होतो. हौसाबाईंनी मला घोंगडी अंथरून बसवलं आणि त्या भाजी निवडू लागल्या. मधेच त्यांचा हात थांबला. त्यांनी तळवा सारवलेल्या जमिनीवर टेकवला, माझ्याकडे पाहिलं आणि रस्त्याकडे बोट केलं.

मी कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या उठल्या, चुलीत फुंकर घातली आणि तवा चढवला.