दोन्ही पायांचं रीडिंग

नाना कोणाच्याही घरी गेले की बेल वाजवण्याआधी विजेचं मीटर बघतात. नुसती नजर टाकत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरतात आणि मीटरवरचा तो लाल दिवा मिनिटाला किती वेळा मिचकतो ते मोजतात. मग बेल. दार उघडणाऱ्याने "या नाना" म्हणायच्या आत त्यांचं सुरू होतं, "एकशे बारा! तुमचा गीझर चालू राहिलाय." आणि गीझर खरोखर चालू राहिलेला असतो.

धुळ्यात देवपूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. नाना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. त्याआधी सगळी नोकरी वीज कंपनीत, त्यातली बरीचशी जळगावच्या मीटर टेस्टिंगमध्ये. लोकांची मीटरं खरं बोलतात की खोटं, हे ठरवणं हे त्यांचं काम. त्या नोकरीने त्यांना एक वाक्य दिलं, ते अजून सुटलेलं नाही : "अंदाज नको, आकडा सांग."

एकदा मी सहज म्हणालो, "पारोळा इथून पस्तीसेक किलोमीटर असेल." नाना थांबले. "कुठून कुठपर्यंत? आणि 'सेक' म्हणजे किती?" मी मोजणी खात्यात आहे, शेतांच्या हद्दी मोजतो. मला राग यायला हवा होता. पण प्रश्न बरोबर होता.

दुसरा नियम रजिस्टरचा. नानांकडे लांबट, लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर आहे. रोजचं तापमान, टाकीतलं पाणी, स्वतःची साखर, सगळं त्यात. खाडाखोड नाही, गिरवणं नाही. "आकडा गिरवला की त्याच्यावर संशय येतो. आमच्याकडे गिरवलेलं रीडिंग रद्द करायचे." आणि प्रत्येक टेस्टखाली दोन सह्या : एक मोजणाऱ्याची, एक बघणाऱ्याची. घरातल्या पाण्याच्या टाकीसाठी बघणारा मीच.

साखर निघाल्यावर डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. डॉक्टरांचा बेत एका सायकलीचा असावा. नानांकडे आज चार आहेत. पहिली नोकरीतली काळी उभी सायकल, जिच्यावरून त्यांनी निम्मं जळगाव तपासलं. दुसरी मुलाने पुण्याहून पाठवलेली गिअरची. तिसरी पातळ टायरची रेसिंग, जळगावच्या एका वकिलाने तीन आठवडे चालवून विकलेली. चौथी अक्कांची लेडीज सायकल. अक्का म्हणजे नानांची बायको. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि शाळेत त्या सायकलवर जायच्या. ती ओट्यावर जाळीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली उभी असते.

दोन वर्षांपूर्वी अक्कांना झटका आला. डावी बाजू गेली. वाचा हळूहळू परतली, हात थोडा परतला, पाय मात्र रुसून बसला. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा अक्का, खूप फरक आहे हो!" व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, मुलगा फोनवरून म्हणायचा, मीही म्हणायचो. एक दिवस अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही बठ्ठा खोटं बोलतस." तुम्ही सगळे खोटं बोलता. आणि त्यांनी व्यायाम बंद केला. नाना तिथेच बसले होते. "फरक आहे" असं ते एकटेच कधी म्हणाले नव्हते.

त्याच सुमारास नकाणे तलावावर सकाळी भेटणाऱ्या सायकलवाल्यांपैकी एकाच्या हँडलवर नानांना एक आकडा दिसला. १८०. "हे काय?" तो म्हणाला, "माझे वॅट, नाना. पायांची ताकद. पॉवर मीटर बसवलंय."

नाना घरी आले ते हादरूनच. "भाऊ, चाळीस वर्षं पंप मोजले, पिठाच्या गिरण्या मोजल्या, केळीची कोल्ड स्टोरेजं मोजली. माणूस विनामीटर राहून गेला!"

पुढचे तेरा महिने निवड चालली. चार सायकली, मीटर एक, आणि ते हवं तेव्हा या सायकलचं काढून त्या सायकलला लावता आलं पाहिजे. नानांनी व्हर्नियर कॅलिपरने चारही सायकलींची चाकं, आटे, क्रँक म्हणजे पेडलचे दांडे मोजले. मग आम्ही दोघं एसटीने जळगावला ललितशेठच्या सायकलच्या दुकानात गेलो. व्हर्नियर पिशवीत होताच.

ललितशेठने आधी मागच्या चाकात बसणारं मीटर दाखवलं. "चाक काढा, दुसऱ्या सायकलला लावा. झालं."

"माझ्या काळ्या सायकलला हे चाक बसणार नाही. तक्ता बघा." नानांनी तक्ता पुढे केला.

"मग क्रँकवालं घ्या. डाव्या क्रँकला लागतं, सगळ्यात जास्त हेच खपतं."

"आणि उजव्या पायाचं रीडिंग?"

"ते डाव्याला दोनने गुणतं ना, नाना. दोन्ही पाय सारखेच असतात."

"कोणी टेस्ट केलं?"

ललितशेठने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"आमच्याकडे याला सरासरी बिल म्हणायचे," नाना म्हणाले. "घराला कुलूप, आत जाता आलं नाही, म्हणून अंदाजे आकडा टाकून मोकळं व्हायचं. एका पायाचं मोजून दुसऱ्याचं बिल फाडता? दोन्ही पायांचं वेगवेगळं पाहिजे."

शेवटी पेडलमध्येच बसवलेलं मीटर निघालं. पेडलचा आटा चारही सायकलींना सारखा, दहा मिनिटांत काढून लावता येतं, दोन्ही पायांचे वेगळे आकडे. फक्त प्रत्येक सायकलच्या क्रँकची लांबी मोबाइलमध्ये भरायची. मला वाटलं, सुटलो. पण ललितशेठ म्हणाले, "याला क्लिपचे बूट लागतील. बूट पेडलला अडकतो. ताकद वाढते."

"माले ताकद वाढवनी नही, मोजनी शे. साध्या चपलेवर चालणारं आहे का?"

"चपलेवर? नाना, एवढं महाग मीटर कोणी चपलेवर वापरत नाही."

"मग थांबतो."

परतीच्या एसटीत मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. जगातले सगळे सायकलवाले बूट घालतात, तुम्हालाच चपलेचा काय हट्ट? नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पायात बूट सहज गेला पाहिजे ना." मी मनात म्हटलं, म्हातारा आता वाकत नाही. तेवढा निष्कर्ष मला पुरला.

चपट्या पेडलचं मीटर मिळायला आणखी चार महिने गेले. आल्यावर नानांनी ते लगेच वापरलं असतं तर ते नाना कसले? बाजारातल्या कांदेवाल्याकडून शिक्क्याची वजनं आणली, रेसिंग सायकल ओट्यावर उभी केली, दोन्ही पेडलना आळीपाळीने दहा किलो टांगलं आणि मोबाइलमधला आकडा गणिताशी ताडून पाहिला. तीन दिवस. चौथ्या दिवशी मला रजिस्टर दिलं. "डावं ठीक, उजवं ठीक. सही कर." मी केली.

"आता लळिंगचा चढ?" मी विचारलं.

"रविवारी आठला ये. पेन आण."

रविवारी आठला गेलो. रेसिंग सायकल भिंतीला टेकून होती आणि तिला पेडलच नव्हती. चादर बाजूला घडी करून ठेवली होती. अक्कांच्या लेडीज सायकलचं मागचं चाक स्टँडवर उचललेलं, त्याला ब्रेक किंचित आवळलेला, सीट अगदी खाली, आणि पेडलना ते मीटर. अक्का सीटवर बसल्या होत्या. उजव्या हाताने जाळी धरलेली, पायांत रोजचे कापडी बूट, डावा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीने पेडलला बांधलेला. नानांनी मागून त्यांना कमरेशी धरलं होतं.

"तू वाच," नाना मला म्हणाले. "मी घरचा माणूस. घरच्याचं रीडिंग धरत नाहीत."

मोबाइल हँडलला लावला होता. अक्का पेडल मारू लागल्या. उजवा पाय खाली जायचा, डावा त्याच्यासोबत ओढला जाऊन वर यायचा. पडद्यावर दोन आकडे. उजवा एकोणीस. डावा तीन. मग दोन. मग तीन.

"कितलं उनं?" अक्कांनी विचारलं. किती आलं?

वीस वर्षांत मी कोणाची हद्द बोटभर सरकवली नाही. त्या दिवशी माझ्या तोंडात 'सात' तयार होतं. सात म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. अक्कांच्या मानेमागे, जमिनीकडे बघत होते, निकाल ऐकायला उभा असलेला माणूस बघतो तसे. तेव्हा मला जळगावची ती एसटी आठवली, आणि चपलेचा हट्टही. तो हट्ट नानांच्या स्वतःच्या पायांसाठी नव्हताच.

"तीन," मी म्हणालो.

अक्का थांबल्या. मग मान थोडी वळवून नानांना विचारलं, "शून्य नही ना?"

"शून्य नही," नाना म्हणाले. "मीटर टेस्ट करेल शे." टेस्ट केलेलं आहे.

"लिखा मग."

नानांनी लिहिलं. मी सही केली. अक्का म्हणाल्या, "उतारू नका. अजून मारस." अजून मारते.

त्याला आता दीड महिना झाला. चार सायकलींवर फिरवायला घेतलेलं मीटर एकाच सायकलला लागलेलं आहे. नकाणे तलावावर नाना काळ्या सायकलने जातात, आणि त्यांचे वॅट कोणी विचारले तर "माझं कनेक्शन अजून विनामीटर आहे" म्हणतात. व्यायामवाल्या बाई पुन्हा येतात. मी रोज कामावर जाण्याआधी पाच मिनिटं पेन घेऊन शेजारी जातो.

डाव्या पायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी तीन आहे. काही ठिकाणी दोन. एका दिवशी एक आहे, त्या दिवशी अक्कांना ताप होता आणि तसं शेऱ्यात लिहिलेलं आहे. काल चार आला. मीच वाचला, दोनदा बघून वाचला. अक्का पेडल मारत राहिल्या.

सही करायला रजिस्टर पुढे ओढलं तेव्हा दिसलं, तो चार नानांनी गिरवला होता. एकदा नाही, दोनदा. शाई कागदाच्या मागे उमटली होती.

गिरवलेलं रीडिंग रद्द होतं, हे मला त्यांनीच सांगितलेलं. मी त्या चारासमोर सही केली.