चढाला लागलेली ओळ

नेकनूरच्या बसस्टँडसमोर बंकट पेंटरांनी त्या दिवशी स्वतःच्या दुकानावर नवा बोर्ड लावला, तोही तिरपा. चाळीस वर्षं अख्ख्या गावाच्या पाट्या ओळंब्यात लावलेला माणूस!

बोर्ड पुण्याहून आला होता. मुलगी मंजुषा तिथं संगणकासाठी अक्षरांचे टाइप तयार करायची. हा तिचा पहिला टाइप : बारीक, उजवीकडं झुकलेला, सगळीकडं एकाच जाडीचा, कुठं फाटा नाही की फुगवटा नाही. बंकटअण्णांनी बोर्डावर आयुष्यभर रंगवली ती उभी, जाडजूड, सावलीवाली अक्षरं. त्यांनी लगेच फोन लावला.

"मंजे, ही अक्षरं पडायलीत की!"

"अण्णा, ती झुकलेलीच आहेत."

"अन् एवढी वाळलेली कावून? उपाशी हायेत का?"

"पुस्तकात फोटोखाली, पत्रिकेत, कवितेला असा टाइप घेतात."

"मंग बोर्डावर कावून टाकलास?"

उत्तर मंजुषाच्या ओठावर आलं होतं. पण अण्णांनी ते स्वतःच ओळखावं, अशी तिची हौस. "नीट बघा ना. ओळखीची वाटत नाहीत?"

"वाटायलीत. वाऱ्यानं लोळलेल्या ज्वारीवानी. थांब, उभी करतो."

त्यांनी बोर्डाचं उजवं टोक वीतभर वर उचललं आणि खिळा ठोकला. अक्षरं ताठ झाली. ओळ मात्र चढाला लागली.

शेजारी शिवशंकरचं चहाचं हॉटेल. दुपारी एक गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, तुमचा बोर्ड एका अंगानं उतरलाय." शिवशंकरनं पाहिलं, पेंटरच्या बोर्डापुढं खरंच उतरलेला दिसत होता. पेंटर चुकणार थोडाच? त्यानं आपलाही बोर्ड उचलला. मग पलीकडच्या सटवा टेलरला आपल्याच पाटीची लाज वाटू लागली; त्यानंही ती उचलली. संध्याकाळी एसटीतून उतरलेल्या कंडक्टरनं मान वाकडी करून विचारलं, "बाजार कुठं चालला बे, डोंगरावर?"

अण्णांनी हसत पुन्हा फोन केला. "तुझ्या अक्षरांनी गाव चढवलं, मंजे!"

"रविवारी येते. एक गंमत सांगायचीय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग घोटता घोटता अण्णा गेले.

तेरावा झाला तरी बोर्ड तसाच होता. जाणारा येणारा वर बघायचा आणि गालात हसायचा. अण्णांच्या कामाला कुणी हसावं, हे मंजुषाला सोसेना. तिनं शिडी लावली, पातळी बघायची अण्णांचीच पाणसळ धरली आणि बोर्ड सरळ केला.

समोरून बांगड्यांच्या दुकानातली छबुबाई ओरडली, "अगं, पुन्ना पाडलीस की!"

"मावशी, आता सरळ झालाय तो."

"बोर्ड सरळ ठिवून काय करायचं? माज्या लेकीची अक्षरं ताठ दिसली पायजेत, म्हणला बंकट. दोनदा शिडीवरून उतरून बघून गेला इथून."

खाली शिडी धरलेला शिवशंकर कुरकुरला, "अन् ताई, मी अन् सटवा आता दोघंच चढावर का?"

मंजुषानं पर्समधून एक जुनं अंतर्देशीय पत्र काढलं. अण्णांचं बॉलपेनचं अक्षर : बारीक, पुढं झुकलेलं, सुटणारी एसटी गाठायला निघाल्यासारखं. तिनं ते बोर्डाशेजारी धरलं.

मग पत्र जपून आत ठेवलं, बोर्डाचं उजवं टोक मोजून वीतभर उचललं आणि खिळा पुन्हा जुन्याच भोकात ठोकला.

"अण्णा," मंजुषा बोर्डाला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "ही अक्षरं तुमचीच आहेत. हॉस्टेलला पत्रं लिहायचात ना, त्यातून उचलली मी."