पावलाच्या जागी हात

नऊ काड्यांचं एक अक्षर.

एक कापडी ससा. कान एकच.

"खालची ओळ वाचा. डोळे बारीक करू नका."

भिंगं पुसायची पिवळी मऊ फडकी, थप्पीच्या थप्पी.

दोन वर्षं, तीन महिने.

या सगळ्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो चष्मेवाल्यांच्या उजव्या तर्जनीने जोडला.

चाळीस वर्षं चष्मेवाल्यांनी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती. आता अक्षरं सूड उगवत होती. मुलगी-जावई नोकरीसाठी जपानला, नात तिथल्याच शाळेत तिसरीला. फोनवर ती आजोबांशी तीनच शब्द बोलायची: "हो", "नाही" आणि "बाय". लिहायला बसली की मात्र थांबायची नाही. पण ते सगळं जपानीत. म्हणून गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाले जपानी शिकत.

त्यांना एक वेबसाइट सापडली होती. मोबाइलवर चौकोन यायचा, त्यात बोटाने अक्षर काढायचं. खाली दहा मिळतीजुळती अक्षरं यायची, त्यातलं आपलं उचलायचं. अक्षरातल्या रेघांना ते काड्या म्हणत. चष्म्याला दोन पुरतात, इथे एकेकाला नऊ-नऊ.

"दहा-दहा दाखवतंय," बायको म्हणाली. "फ्रेम बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं होणार तुमचं. शेवटी पहिलीच उचलाल."

एका अक्षरावर ते तीन महिने घासत होते: 待. उजवीकडे देऊळ, डावीकडे पाऊल. देवळापाशी पाऊल थांबलं, म्हणजे वाट पाहणं. हे त्यांनी आपलं आपणच लावून टाकलं होतं. नातीला एकच वाक्य पाठवायचं होतं. वाट पाहतोय.

त्या सोमवारी दुपारी नातीचाच निरोप आला. त्यातलं "आजोबा" आणि "ससा" एवढंच त्यांना लागलं. शेवटी प्रश्नचिन्ह.

"सशाचं काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

"गोष्ट असेल शाळेतली. ते जाऊ दे. आज पाठवतोच मी."

बोटाला भिंगं धुतल्याचं पाणी होतं. पाऊल जरा घसरलं. खाली दहा अक्षरं आली. चष्मेवाल्यांनी पहिलंच उचललं. चष्मा कपाळावर होता.

दहा मिनिटांत उत्तर आलं. बदाम, ससे, उड्या मारणारी अस्वलं.

"बघ! वाट पाहतोय म्हटलं तर पोरगी नाचायला लागली!" त्यांनी मोबाइल बायकोपुढे धरला.

मग तिने काहीतरी विचारलं. त्यात कानाचं अक्षर होतं, सहा काड्यांचं, सोपं. "ऐकू येतं का विचारतेय," असं म्हणून त्यांनी "हो" लिहिलं. तिने विचारलं, दोन्ही? त्यांनी ठणकावून लिहिलं, दोन्ही! मग तिने फोटो मागितला. चष्मेवाल्यांनी केस विंचरले आणि दुकानाच्या दारात उभं राहून स्वतःचा पाठवला.

थोड्या वेळाने मुलीचा फोन.

"बाबा, ससा सापडला म्हणे? दोन्ही कानांसकट?"

"कुठला ससा?"

"मागच्या वेळी निघताना हरवला तो, दोन वर्षं तीन महिने झाले. ती विचारत होती, तिथे आहे का. तुम्हीच लिहिलंत ना, माझ्याजवळ आहे म्हणून?"

चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. 持. तेच देऊळ, पण डावीकडे पावलाच्या जागी हात. देवळाला हात लागला, म्हणजे जवळ आहे. ते खरं सांगायला तोंड उघडणार, तोच मुलगी म्हणाली, "पोस्टाने पाठवू नका म्हणते, घाबरेल तो. सुट्टीत स्वतः न्यायला येणार आहे. बाबा, आहे ना नक्की?"

आयुष्यात त्यांनी कुणाला चुकीचा नंबर काढून दिला नव्हता.

"आहे," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायको कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, धडधडीत खोटं?"

"मग काय, येऊ नको म्हणू?"

बायकोने कमरेवरचे हात काढले. मग हळूच म्हणाली, "रंग कुठला होता मेल्याचा?"

आठ दिवस घर पालथं घातलं. तीन हरवलेल्या चाव्या आणि जावयाचा एक मोजा सापडला, ससा नाही. शेवटी पिवळी फडकी निघाली, आणि भिंगावर ओरखडा न उठवणारे ते हात सुई धरून बसले.

"दोन कान कशाला लावताय? त्याला एकच होता!"

"मी दोन कबूल केलेत."

नात आली ती थेट दुकानात. तिने ससा उलटा केला, सुलटा केला, हुंगला.

"हा तो नाही," ती म्हणाली. चक्क मराठीत.

चष्मेवाले गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. काउंटरच्या काचेवर त्यांनी तोंडाची वाफ सोडली आणि बोटाने सावकाश नऊ काड्या काढल्या. या वेळी पाऊल घसरलं नाही. नातीने ओठ हलवत काड्या मोजल्या. मग दोन्ही कान धरून ससा छातीशी घेतला आणि शेजारच्या खुर्चीवर चढली.

"आजोबा, खूप वाट पाहिली?"

इतके महिने त्यांनी एवढे शब्द घोटले होते, आणि आता चष्मेवाल्यांना एकच सुचला.

"हो."

मुलीने तिकिटं काढली ती त्या सोमवारीच, बाबांना फोन करायच्या आधी; बाबांनी हात लिहिला असला तरी त्यांना पाऊलच म्हणायचं होतं, हे तिला पहिल्याच नजरेत कळलं होतं.