कादरभाईंनी आभाळ साफ केलं

प्रेमानंद गुरुजींना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुठलीही गोष्ट समजावून सांगायची म्हणजे त्यांना हातात छडी लागायचीच. परवा सकाळी शेजारच्या खेमाला ते बैठकीतला फोटो समजावून सांगायला गेले आणि तिथंच सगळं बिघडलं.

फोटो मुंबईचा होता. समुद्राकाठच्या उंच इमारती, आणि त्यांच्यावर वादळाचं काळंकुट्ट आभाळ. सूनबाई ऐश्वर्यानं लग्नानंतर पहिल्यांदा सेनगावला येताना तो मोठ्या फ्रेममध्ये घालून आणला होता. "तूच काढला का, बेटा?" असं गुरुजींनी विचारलं, तेव्हा ती "हो, ऑफिसच्या खिडकीतून" म्हणाली होती. त्यानंतर गुरुजींनी तो फोटो अख्ख्या गल्लीला दाखवला. पोस्टमनलाही सोडलं नाही.

"हे पाह्य खेमा, ढग कसे चालून येऊन राहिले," म्हणत त्यांनी छडी काचेवर टेकवली. फ्रेम खिळ्यावरून निसटली आणि खाली ठेवलेल्या फरशी पुसायच्या बादलीत जाऊन उभी राहिली.

चतुराबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अवं, काय केलं हे? परवा पोरगी येऊन राहिली ना!"

ऐश्वर्या स्वभावानं अबोल. सासऱ्याशी तिचं जे काही दोन वाक्यांचं बोलणं होई, ते या फोटोवरूनच. तेवढाही धागा तुटला तर ती पुन्हा पाहुण्यासारखी यायची, पाहुण्यासारखी जायची. त्या विचारानं गुरुजींना दुपारचं जेवण गेलं नाही.

सेनगावात फोटो आणि फ्रेमचं काम करावं ते कादरभाईंनीच. त्यांनी भिजलेला कागद चिमटीत धरून पाहिला. "हा गेला, गुरुजी. मोबाइलमधी हाय का? मग टेन्शन न्हाई. बराबर असाच नवा काढून देतो."

मोबाइलमध्ये होता. गुरुजींनी तो सगळ्यांना पाठवलाच होता.

ऐश्वर्या यायच्या दिवशी सकाळी कादरभाईंनी नव्या फ्रेमचं पार्सल हातात दिलं. गुरुजींनी घरी येऊन कागद फाडला. मुंबई होती, इमारती होत्या, पण ढग गायब होते. मागं स्वच्छ फिकट निळं आभाळ, आणि खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक गुलाब.

त्यांनी लगेच फोन लावला. "कादरभाई, वादळ कुठं गेलं?"

"काढून टाकलं ना, गुरुजी!" कादरभाई खुशीत होते. "लई काळं आलं व्हतं. तुमाला तं म्हाईत हाय, लोक आपल्याकडं गेलेल्या म्हाताऱ्यायचे फोटो मोठे कराया आणतात. आधार कार्डावरचे, काळे ढुस्स. आपण सावली काढतो, मागं निळं लावतो, गुलाब ठिवतो. तुमच्याला समई बी लावली व्हती, पण मग म्हटलं, ह्याच्यात माणूस तं न्हाईच."

"मला काळंच पाह्यजे होतं!"

"आता? प्रिंट हिंगोलीहून येती, गुरुजी. उद्या संध्याकाळी."

तेवढ्यात मुलाचा, धम्मदीपचा फोन आला. "बाबा, कनेरगाव नाक्याला चहा पिऊन राहिलो. तासाभरात पोचतो. आन ऐश्वर्या विचारून राहिली, तो फोटो अजून बैठकीतच हाय का?"

"हाय ना! व्हय, हाय!" गुरुजींचा आवाज चिरकला.

आता घरात धावपळ उडाली. फोटो कपाटात ठेवावा, तर कुठं गेला म्हणून ती विचारणार. चतुराबाईंनी काजळाची डबी आणली, पण काजळ काचेवरून ओघळलं आणि मुंबई रडल्यासारखी दिसू लागली. ते पुसून फोटो पुन्हा खिळ्यावर टांगला. मग गुरुजींनी बैठकीतला बल्ब काढला, खिडक्या लावल्या, पडदे ओढले.

"आता काळं दिसतं का?" त्यांनी अंधारातून विचारलं.

"मला तं तुमीबी दिसून न्हाई राहिले," चतुराबाई म्हणाल्या. "अवं, दर रविवारी विहारात लोकायकून शील म्हणून घेता. खोटं बोलनार न्हाई, हे चौथं शील ना? मग सांगून टाका की पोरीला."

गुरुजींनी पडदा आणखी ओढला. विहारात म्हणणं निराळं आणि सुनेसमोर उभं राहणं निराळं.

दारात गाडी थांबली. "जय भीम, बाबा," म्हणत ऐश्वर्यानं आत पाऊल टाकलं. मागून धम्मदीप आला, "एवढा अंधार काहून केला?" म्हणाला आणि त्यानं एका झटक्यात पडदा सारला.

ऊन थेट फोटोवर पडलं. ऐश्वर्या बघतच राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. गुरुजींनी डोळे मिटून घसा खाकरला. "बेटा, मला तुला एक..."

"बाबा, सॉरी!" ती एकदम बोलली. डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला कळलं ना? म्हणूनच मला दाखवायला तो काढून असा दुसरा लावलाय ना? तो फोटो मी नव्हता काढला. दुकानातून विकत आणला होता. तुम्ही इतक्या कौतुकानं विचारलंत की तोंडातून 'हो' निघून गेलं. वर्षभर जिवाला घोर होता. येताना रस्त्यातसुद्धा तेच डोक्यात होतं."

गुरुजींच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्यांना नाचावंसं वाटलं. मग त्यांनी मास्तराला शोभेल असा चेहरा केला आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको. खरं बोलायला हिंमत लागती. आपल्या घरात खऱ्यालाच मान हाय."

चतुराबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडं पाहत होत्या. गुरुजींनी पाणी मागितलं. पाणी आलं. ते संपलं, तरी चतुराबाई तशाच पाहत होत्या.

शेवटी छडी, बादली, कादरभाई, काजळ, सगळं बाहेर आलं.

ऐश्वर्यानं ओढणीनं डोळे पुसले. "म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"न्हाई."

"मी आणखी दोन मिनिटं गप्प बसले असते तर?"

"तं मीच माफी मागितली असती, बेटा. अन् तू मला माफबी केलं असतं."

लग्नानंतर पहिल्यांदाच ऐश्वर्या सासऱ्यावर लटकं रागावली. "मग आधी बोलायचं ना, बाबा!"

चतुराबाई हसत हसत आत गेल्या. गुरुजींनी बल्ब परत लावला, आणि सुनेनं त्यांच्यासाठी स्टूल धरून ठेवलं.