चार आणे अंतर

खडकमाळ गावात रंगनाथ खुटवडपासून त्याच्या आक्कापर्यंतचं अंतर तीस मीटर, अठरा सेंटिमीटर आणि पंचवीस पैसे होतं, आणि सरकारनं पंचवीस पैशांचं नाणं बंद केल्यापासून ते चालत नव्हतं.

जुन्या मोजणीत ते तीन साखळ्या चार आणे होतं. साखळी तेहेतीस फुटांची, तिचे भाग सोळा, आणि त्या भागांना आणे म्हणायची पद्धत. पुढे सगळं मीटरमध्ये करायचं ठरलं, तेव्हा मोजणी कार्यालयातल्या कारकुनानं साखळ्यांचे मीटर अगदी बरोबर केले. आणे दिसताच मात्र त्याचा हात सवयीनं पैशांच्या कोष्टकाकडे गेला. चार आण्यांचे पंचवीस पैसे होतात यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे साहेबांनीही सही केली. नाणं चालू होतं तोवर कुणाचं काही अडलं नाही.

नाणी बँकेत बदलून घ्यायला मुदत दिली होती. तेव्हा आक्का मुद्दाम समोरच्या घरातून उठून सांगायला आली.

“रंगा, आपल्या दोघांतलं तेवढं बदलून आण रं.”

“चार आण्यासाठी कोण उभं ऱ्हातंय रांगेत?” रंगनाथ हसला. “आणि आपलं अंतर काय चोर नेत्यात व्हय?”

आळस त्याच्या अंगी मुरलेला. मुदत टळली आणि दुसऱ्या सकाळी तो चहाला आक्काकडे निघाला, तर तिच्या दारापासून आठ-सव्वाआठ फुटांवर टाकलेलं पाऊल पुन्हा अलीकडेच पडलं. त्यानं पळत येऊन उडी मारून पाहिली. तीही अलीकडेच पडली, वर गुडघा फुटला तो वेगळाच.

गावातल्या बाकीच्यांना काही अडचण नव्हती, कारण नोंद या दोघांच्याच नावावर होती. ओढ्याकडून वळसा घालून गेलं तरी शेवटी चार आणे उरायचेच. देवळात समोरासमोर आले तरी मध्ये चार आणे असायचेच. भाऊबीजेला आक्का लांबूनच ओवाळायची आणि कुंकू लावायला शेजारची यमुना यायची. हळूहळू त्याची सवय झाली. कशाचीही होते.

मग आक्का अंथरुणाला खिळली. आई गेल्यावर तिनंच रंगनाथला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिचे पाय दाबून द्यावेत, तिच्या कपाळावर हात ठेवावा, एवढंच त्याला हवं होतं. तो तालुक्याला मोजणी कार्यालयात गेला.

तिथल्या निमकर मॅडमनी प्रकरण शांतपणे वाचलं. “हा भाग आता लांबीत मोडत नाही, चलनात मोडतो. चलनाची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही.”

“मग बँकेत जाऊ?”

“बँकेत मुदतीत जायला हवं होतं. का नाही गेलात?”

रंगनाथनं प्रकरणाचा कागद पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

“फेरमोजणी करता येईल,” मॅडम म्हणाल्या. “पण दोघांनी साखळीची दोन टोकं धरून उभं राहावं लागतं.”

“आक्का उठत न्हाई, मॅडम. म्हणून तर आलोय.”

“मग थांबा. तसं काळजीचं कारण नाही. अंतर दोघांत असतं. दोघांपैकी एक नाव कमी झालं, की अंतर आपोआप निकाली निघतं. मग तुम्ही खुशाल जा-ये करू शकता.”

हे त्या धीर द्यायला म्हणाल्या. रंगनाथनं मान हलवली आणि मिळेल त्या गाडीनं परत आला.

यमुनेनं आक्काची खाट ओसरीवर आणून ठेवली होती. रंगनाथ रोज सकाळी येऊन पाऊल अडायचं तिथं उभा राहायचा. आक्काला नीट दिसत नसे.

“आलास का रं?”

“आलोय. हितंच हाय.”

“किती लांब हायस?”

“चारच आणं, आक्का.”

“मग हायस की जवळच,” ती म्हणायची आणि डोळे मिटायची. रंगनाथला त्या वेळी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. बँक बाजारपेठेतच होती, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी रांगसुद्धा फार मोठी नव्हती असं त्याला नंतर कळलं होतं.

एका सकाळी तो नेहमीच्या जागी आला आणि त्यानं उगीचच पाऊल टाकून पाहिलं. पाऊल पलीकडे पडलं.

तो दचकून मागे सरला. त्यानं पुन्हा पाऊल उचललं, आता अगदी हळू, ते अलीकडेच परत यावं म्हणून मनातल्या मनात हात जोडून. ते सरळ पुढे पडलं. ओसरीवर आक्का भिंतीकडे तोंड करून निजली होती. यमुना अजून यायची होती.

“आक्का,” तो जागचा न हलता म्हणाला, “चालतंय गं.”