दुसरा डोळा

रोह्याच्या माझ्या दवाखान्यात पेशंट आला की आधी माझं तोंड बघतो. बाळारामदादा आधी संडासाची कडी बघायचे. लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे, आणि मग येऊन माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायचे.

"बघून ठेवलेली बरी, बाई. नसती भानगड नको."

हा गृहस्थ पेणचा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा. मोठ्या आतड्याला जुनी सूज, आत जखमा, रक्त पडायचं, दिवसभर पळापळ. मुंबईच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून निदान केलं, गोळ्या लिहून दिल्या आणि रोजची कटकट माझ्या गळ्यात घातली. पेणला काय डॉक्टर नाहीत? पण तिथे कोणी बघेल ना! म्हणून स्वारी रोह्याला यायची, तीही रेल्वेनेच. एसटीला संडास नसतो.

घरीसुद्धा या दुखण्याचा पत्ता नव्हता. लग्न केलं नाही, थोरल्या भावाकडे राहायचे. वहिनीच्या हातचं तिखटजाळ कालवण टाळायला या माणसाने काय करावं? सातही वार देवांना वाटून टाकले. रोज उपास, रोज वरीचा मऊ भात. आळीतल्या बायका त्यांच्या पाया पडायच्या.

"रविवारी कुठला देव हो?" मी विचारलं.

"सूर्यनारायण. बुधवारचा अजून ठरत नाय."

मी हसायचे, पण मला या माणसाची धास्ती वाटायची. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद. "बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच," म्हणून मी किती ओरडले असेन. आणि एक गोष्ट दर खेपेला बजावायचे. रक्त पडत असताना जुलाब थांबवायची गोळी दुकानातून घेऊन खायची नाही. आतडं फुगतं, फुटतं, माणूस हातचा जातो.

"व्हय बाई," म्हणायचे.

गणपती तोंडावर आले आणि दादांचं येणं बंद झालं. एका दुपारी वहिनीचा कारखान्यातून फोन आला. "बाई, भावजींच्या खिशात तुमच्या दवाखान्याची चिठ्ठी गावली. ते पाटावरून उठत नाय. पोट टम्म फुगलंय. उपास बाधला काय?"

"आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या!"

"ऐकत नाय ते. तुम्हीच येऊन सांगा."

तिला अँब्युलन्स बोलावून ठेवायला सांगितलं आणि गाडी काढली. नागोठणं गेलं, पुढे गडब गावाशी ट्रकांच्या मागे अडकले.

कारखान्यात दादा पाटावर बसलेले, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. समोरच्या गणपतीचा एक डोळा आखलेला, दुसरा कोरा. तिथला रिवाजच तसा, एक डोळा उघडला की दुसरा उघडल्याशिवाय उठायचं नाही. आणि उठावं लागू नये म्हणून या शहाण्याने त्याच जुलाब थांबवायच्या गोळ्या खाल्ल्या होत्या.

पोटाला हात लावला. ताठ. मला रडूच येईल असं वाटलं, म्हणून मी ओरडले. "दादा, हे फुटलं तर कोणाच्या हातात काही राहणार नाही. उठा."

त्यांनी दुसऱ्या डोळ्याशी ब्रश नेला. टोक जागेवर ठरेना. त्यांनी ब्रश खाली ठेवला, खांद्यावरचा पंचा गणपतीच्या तोंडावर घातला आणि उठले.

आतडं फुटलं नाही, एवढं आधीच सांगून टाकते. पण पनवेलच्या वाटेवर, त्या अँब्युलन्समध्ये, ते आम्हांला ठाऊक नव्हतं.

"वहिनी, ते उपास नव्हते," दादा पुटपुटले.

"ठाव हाय. रोज वरी कोण शिजवतं? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

दादांनी माझा हात घट्ट धरला. "बाई, तोंड झाकायला नको होतं. एक डोळा उघडलाय त्याचा, आणि समोर नुसता काळोख. एकट्याला भीती वाटत असंल."

वहिनीने लगेच कारखान्यात फोन लावला. "आमच्या भावजींच्या गणपतीवरचा पंचा काढा," ती म्हणाली, "आणि कोणीतरी त्याच्यापाशी बसून ऱ्हावा."

मग तिने दादांचा दुसरा हात धरला, तो पनवेल येईपर्यंत सोडला नाही.