नत्थुजी छाप बिजली गिटार

"तुमच्या मंडळाला डोळे आहेत, पण कान नाहीत! असते तर माझ्या वाद्याला तुम्ही अवजार म्हटलं नसतं!"

अकोल्याच्या प्रदर्शन मंडळाला लिहायच्या पत्राची पहिली ओळ नत्थुजींनी अशी ठोकली, की दौत कलंडता कलंडता वाचली. मंडळाचे अध्यक्ष कोण, ते मी सांगणार नाही. ज्याचं त्याला कळेल. आणि तो तर काही वाचतच नाही!

नत्थुजी म्हणजे अमरावतीचे जुने सतारमेकर. चाळीस वर्षं त्यांनी भोपळे कापले, लाकूड तासलं, तारेखालच्या घोडीवर कानस मारून स्वर खुलवले. पण सतारीच्या पोटात चिठ्ठी चिकटायची ती पेठेतल्या दुकानदाराची! लेकरू आपलं आणि बारशाला नाव शेजाऱ्याचं, असा तो संसार.

एकोणचाळीस साली एका कापूसवाल्या गोऱ्या साहेबाची गिटार दुरुस्तीला आली. बिजलीवर वाजणारी! नत्थुजींनी ती उघडली, आत डोकावले आणि बायकोला ओरडून म्हणाले, "पार्बते, इकडे ये! चुंबकाले तांब्याचं सूत गुंडाळलं, बस! एवढ्याच भरोशावर हे लोक मिशीले पीळ देऊन राहिले! यापेक्षा झकास मी डोळे झाकून बनवतो. अन् नाव माह्यं!"

आता दुसऱ्या कोणी आधी गिटार केली असती. नत्थुजींनी आधी छाप केला. पितळी पत्रा, त्यावर टपोरी अक्षरं: "नत्थुजी, अमरावती". पत्रा इतका मोठा झाला की तो बसवायला गिटारीचं डोकं म्हशीच्या मुंडक्याएवढं करावं लागलं.

साहेबाची गिटार म्हणजे नुसती सपाट फळी. ती नत्थुजींना पटेना. "पोटच नाही तं हे गाईन कशानं?" म्हणून त्यांनी मागे भोपळा जोडला. चुंबक जुन्या टेलिफोनातून काढलं. त्यावरचे तांब्याच्या तारेचे चार हजार वेढे पार्बताबाईंनी मोजून घातले. मधे दोनदा शेजारीण आली, तेवढी मोजणी सैल पडली.

चाचणी झाली ती सिनेमाच्या थेटरात. तिथला यंत्रवाला चंद्रभान नत्थुजींचा भक्त. साहेबाकडच्या उरलेल्या पोलादी तारा चढवल्या, गिटारीची वायर भोंग्याच्या यंत्राला जोडली, नत्थुजींनी बोट मारलं आणि थेटर असं दणाणलं, की खुर्च्यांतले ढेकूणसुद्धा बाहेर येऊन पाहू लागले! चंद्रभान नाचला. नत्थुजींनी डोळे पुसले.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.

पण नत्थुजींच्या कानाला तो पोलादी आवाज टोचत राहिला. कुंपणाची तार! त्यावर कावळाच शोभायचा! अकोल्याला निघायच्या सकाळी त्यांनी सगळ्या तारा उतरवल्या आणि स्वतः पारखलेल्या पितळी तारा चढवल्या. सोन्यासारख्या पिवळ्याधमक! घरात छेडून पाहिलं तर भोपळ्यातून काय गोडवा!

"अवो, जे वाजून राहिलं ते कावून खोलता?" पार्बताबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते? नत्थुजीच्या नावावर लोखंड बाहेर जाणार नाही!"

"आजवर नत्थुजीच्या नावावर काहीच बाहेर गेलं नाही."

हे खरं असल्यामुळे नत्थुजी चिडले आणि बिनचहाचे स्टेशनावर गेले.

अकोल्याला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात प्रदर्शन भरलं होतं. एका अंगाला वाद्यं, त्याला लागूनच शेतकी विभाग. तिथे ज्वारीची नमुन्याची कणसं टांगलेली, आणि कडूनिंबावरचे पोपट त्या कणसांवर तीन दिवस जेवत होते. शेतकी विभागाचे परीक्षक सूर्यभान पाटील तेल्हाऱ्याहून आलेले. गोफण फिरवून फिरवून त्यांचा खांदा निखळायला आला होता. पोपटांना पाटलांची सवय झाली होती.

थेटरातलं यंत्र आणि भोंगा घेऊन चंद्रभान आधीच मंचावर येऊन बसला होता. नत्थुजी लाल फेटा बांधून मंचावर चढले. "सज्जनहो! आज वऱ्हाडचा आवाज पुऱ्या हिंदुस्थानले ऐकू येईन!"

त्यांनी तार छेडली. भोंगा गप्प.

अध्यक्ष म्हणाले, "करा सुरू."

"सुरूच हाय, साहेब."

"काय सुरू आहे?"

"वादन."

पहिल्या रांगेत हशा पिकला. नत्थुजींनी फेटा सावरला. "चंद्रभान, वाढव!"

चंद्रभानने यंत्राची चकती फिरवली. भोंगा गप्प. अजून फिरवली. नत्थुजी असे तारा ओरबाडू लागले, जणू तारांनीच चाळीस वर्षं त्यांचं नाव दडवलं होतं!

"पुरा खोल! पुरा!" म्हणत नत्थुजी गिटार घेऊन भोंग्यापुढेच जाऊन उभे राहिले.

चंद्रभानने चकती पुरी खोलली. आता भोंग्याची गुणगुण भोपळ्यात शिरली, भोपळ्यातून चुंबकात, चुंबकातून पुन्हा भोंग्यात! आणि एकाच पिंपात कोंडलेल्या सतरा मांजरांनी एकदम शेपट्या चावून घ्याव्यात, तशी किंकाळी उठली! नत्थुजींनी तारांवर हात दाबला. किंकाळी चालूच! अध्यक्षांनी टोपी कानांवर ओढली. निंबावरचे पोपट, कावळे, कबुतरं, सगळी एका ढगासारखी उठली आणि बाळापूरच्या दिशेने जी गेली, ती गेलीच!

शेवटी चंद्रभानने वायर उपटली. सगळीकडे चिडीचूप.

त्या शांततेत एकटे सूर्यभान पाटील गोफण टाकून पळत आले. "बाप्पा रे बाप्पा! तीन दिसांपासून खांदा दुखून राहिला माह्या, अन् या मानसानं एका ओरडीत रान साफ केलं! नत्थुजी, हे शेतातल्या मचानावर बसवता येईन काय?"

"पाटील, हे वाद्य होय!"

"असन बुवा. पन पाखरं जानकार दिसतात."

चंद्रभानने तोवर गिटार खाली ठेवून घेतली आणि सुटं चुंबक आणून तारेला लावलं. चिकटेना. त्याने कपाळावर हात मारला. "नत्थुजी, चुंबकाले पितळ समजतच नाही! त्याले लोखंडाचीच भाषा येते. कावून बदलल्या तारा?"

ज्या माणसाला तारेतला केसाएवढा फरक ऐकू येई, त्याने चुंबकाला काय ऐकू येतं हे एकदाही विचारलं नव्हतं! नत्थुजी मटकन खाली बसले. खाली गिटार होती. भोपळा फुटला.

संध्याकाळी निकाल लागला. वाद्य विभागात नत्थुजींविषयी एवढंच: "वाद्य न वाजल्यामुळे विचार करता आला नाही." मग पुढे: "शेतकी अवजारे, पीकरक्षण. पहिले पदक, नत्थुजी, अमरावती!"

निषेध करायचाच, अशा तावात नत्थुजी मंचावर चढले. पदक हातात पडलं. उलटून पाहिलं, तर मंडळाच्या कोरणाऱ्याने त्यावर ताजं नाव कोरलेलं. त्यांचं स्वतःचं! निषेधासाठी उघडलेल्या तोंडातून आभार बाहेर पडले.

राग पुन्हा आला तो घरी पोचल्यावर. म्हणून हे पत्र. पितळी तारांचा उल्लेख चार पानांत कुठेही नव्हता.

पार्बताबाईंनी पत्र ऐकलं, पदरानं पदक पुसलं आणि म्हणाल्या, "एवढा राग हाय तं हे वापस धाडा त्याईले."

नत्थुजींनी पदक त्यांच्या हातातून काढून घेतलं. "वापस कावून? याच्यावर माह्यं नाव हाय!"

"अन् दुसऱ्या बाजूले अवजार लिहिलं, ते?"

"तेच तं लिहून राहिलो न!"

आणि त्यांनी टाक बुडवून शेवट केला:

"न वाजलेल्या वाद्याला बक्षीस नाही, हे कबूल. मग पाखरं उडाली ती कशाने? मंडळाने आठ दिवसांत खुलासा करावा. पदकावरचं नाव बरोबर आहे, त्याला हात लावू नये. बाकी सगळं चूक आहे. उत्तर द्या!"